भेटीस जाणे आणि वस्तीस जाणे

खंबाटकी घाटाच्या पायथ्याच्या आमच्या खंडाळा तालुक्यातील तरुण माणूस एका पिढीपूर्वी गिरणीत नोकरी धरण्यासाठी मुंबईस जाई आणि गावच्या यात्रेस न चुकता परत येई. आज मात्र याच तालुक्यात अशी घरे आहेत की ज्यांतील थोरला मुलगा न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये स्थायिक होऊन तेथील नागरिक झाला आहे आणि आईवडिलांच्या उतारवयाची चिंता त्याला इतक्या दुरून वाहावी लागत आहे. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकी नागरिकास आईवडिलांसाठी कायम वास्तव्याचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा, अर्ज करता येतो, आणि 1965 च्या कायद्याने त्यांना वार्षिक संख्येच्या मर्यादेतून वगळले असल्याने भावंडांप्रमाणे वर्षानुवर्षे तिष्ठावे लागत नाही. नागरिकत्व हाती पडताच पुत्रकर्तव्य म्हणून हा अर्ज दाखल करण्याचा शिरस्ता पडत चालला आहे. त्यामागील माया मला दिसते, आणि तरीही तो मला चिंताजनक वाटतो.

कारण असे की, पर्यटक म्हणून व्हिसा मागणारा प्रत्येक मनुष्य तेथे कायमचा राहावयास येत आहे, असेच 1952 पासूनचा तेथील कायदा गृहीत धरतो, आणि तसा इरादा नाही हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकतो. मुलाने ग्रीन कार्डाचा अर्ज दाखल केला की त्या गृहीतकास घरचाच पुरावा मिळतो. व्हिसा त्यामुळे आपोआप नामंजूर होत नाही, किंवा पूर्वी मिळालेला रद्दही होत नाही. परंतु वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत आणि पुढे तिकडच्या विमानतळावर, दोन्ही ठिकाणी, परत येण्याची खात्री पटवून द्यावी लागते.

शिरवळच्या बाजूचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ज्यांना सारा गाव तात्या म्हणतो, परवा आपली व्हिसाची फाइल घेऊन माझ्याकडे आले. सातबाराचे उतारे, आठ-अ, पेन्शनचे पासबुक आणि शाळा सोडल्याचा दाखला, ज्यावर त्यांच्या पिढीतील असंख्य खेडुतांप्रमाणे जन्मतारीख 1 जून अशी आहे, हे सर्व त्यांनी क्रमाने लावले होते. त्यांच्या मुलाने ग्रीन कार्डाचा अर्ज केलेला असूनही, आपल्यासाठी पूर्वी कोणी वास्तव्याचा अर्ज केला आहे काय, हा व्हिसाच्या अर्जातील प्रश्न मात्र कोरा होता. “तात्या, तिथं नाही म्हणून टाका, कोण बघतंय,” असा सल्ला त्यांना एका एजंटाने दिला होता. हा सल्ला घातक आहे. मुलाचा अर्ज त्याच सरकारच्या दफ्तरी नोंदलेला असतो, आणि जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरले तर अमेरिकेचे दार जन्मभरासाठी बंद होऊ शकते.

तात्यांच्या मंडळी एवढेच म्हणाल्या, “आम्हांला नातू बघायचाय भाऊ, तिथं राहायचं कुणाला?” मग हा अर्ज झाला कोणासाठी? ग्रीन कार्ड ही सोयीची ये-जा करण्याची सनद नव्हे. परवानगीवाचून वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास ते गमावण्याची वेळ येते, सहा महिन्यांहून अधिक गैरहजेरीचा खुलासा मागितला जातो, आणि पासष्टीनंतरची सरकारी आरोग्ययोजनाही नवागतास सामान्यतः पाच वर्षांच्या सलग वास्तव्यावाचून मिळत नाही. ज्याचा जीव पेरणीत आणि भावकीत गुंतला आहे, त्याला भेटीचा व्हिसाच योग्य. जो वृद्ध येथे एकटा पडला आहे, त्याच्यासाठी कार्डाचा अर्ज अवश्य करावा आणि मुंबईच्या मुलाखतीचे बोलावणे येईपर्यंत त्याने येथेच थांबावे. भेटीच्या नावाने जाऊन तेथेच अर्ज करण्याचा बेत आखणे बेकायदा तर आहेच, शिवाय निर्दयही आहे. कारण तो अर्ज प्रलंबित असता पूर्वपरवानगीवाचून देश सोडल्यास अर्ज सोडून दिला असे सामान्यतः समजले जाते, आणि गावी सख्खा भाऊ वारला तरी माणूस तिकडेच अडकून पडतो.

मुलांनी अर्ज करण्यापूर्वी आईवडिलांना स्पष्ट विचारावे, एवढेच माझे मागणे आहे. केलेला अर्ज मागे घेता येतो, परंतु तो केला होता हे पुढील प्रत्येक खेपेस सांगावेच लागते. तात्यांनी त्या कोऱ्या जागी होकार भरला, मुलाच्या अर्जाचा तपशील सोबत लिहिला, आणि रब्बीची ज्वारी घरात आली की जावयाचे व खरिपाच्या पेरणीआधी परतावयाचे, असा बेत मुलाला फोनवर कळविला.