होळकर रेल्वेची आठवण ठेवू या

"इंदूरला रेल्वे कोणी आणली?" असे वर्गात विचारले की उत्तर येते, "इंग्रजांनी!" उत्तर चूक नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे आपल्या मुलांना ठाऊक असावे, असे आम्हांला वाटते.

१८७० च्या सुमारास महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खंडव्याहून इंदूरपर्यंत रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. मुदत १०१ वर्षांची, व्याज दरसाल साडेचार टक्के. जमीनही संस्थानानेच विनामूल्य दिली. महाराज दानधर्म करत नव्हते. व्याज मिळणार होते आणि माळव्याचा माल मुंबईच्या बाजाराला जोडला जाणार होता. मात्र पैसा होळकरांचा आणि कारभार इंग्रजांचा, असा तो व्यवहार होता.

या मीटर गेज मार्गाला 'होळकर स्टेट रेल्वे' म्हणत. १८७४ च्या अखेरीस गाडी सनावदपर्यंत आली, १८७६ मध्ये नर्मदेवरचा पूल झाला आणि पाताळपाणी-कालाकुंडचा अवघड घाट चढून पुढच्या काही वर्षांत रेल्वे इंदूरला पोहोचली. पण १८८१-८२ मध्ये ती राजपुताना-माळवा रेल्वेत विलीन झाली. रूळ राहिले, नाव पुसले गेले. जेमतेम सात-आठ वर्षांचे आयुष्य!

२०२३ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी महू ते ओंकारेश्वर रोड हा जुना मार्गही बंद झाला. नवी रेल्वे हवीच, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु त्या छोट्या गाडीने ओंकारेश्वरला किंवा खंडव्यामार्गे महाराष्ट्रात गेलेले आजी-आजोबा अजून आपल्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी कोणत्याही दप्तरात मिळणार नाहीत.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, या सुट्टीत त्यांना प्रवासाबद्दल विचारा आणि सांगतील ते मराठीत लिहून आणा. पालकांनी ट्रंकेतली जुनी तिकिटे, छायाचित्रे शोधावीत. विश्वस्त मंडळाने वाचनालयातील एक कपाट या संग्रहासाठी द्यावे आणि वर्षातून एक सहल पाताळपाणीला न्यावी, अशी आमची विनंती आहे. खर्च फारसा नाही. उशीर केला तर मात्र सांगणारे कोणी उरणार नाही.