भरतीच्या आठवड्यात पाणी तोडू नका

वणी, पुसद, दारव्हा, घाटंजी, झरी जामणी, जिथं जिथं पहाटे चारला पोरं धावायला निघतात तिथपर्यंत हे पोचवा. अग्निवीरची लेखी परीक्षा निघाली, आता ग्राउंडची तारीख तोंडावर आहे, अशा प्रत्येक मुलाला ही हात जोडून विनंती आहे. वजन पाडायला उपाशी राहू नका, पाणी बंद करू नका, लघवीची गोळी तर हातातही घेऊ नका. आणि वजन कमी भरतं म्हणून काट्यावर चढण्याआधी डझनभर केळी आणि दोन-तीन लिटर पाणी पोटात ढकलू नका.

ही घाई उगाच होत नाही. 2023 पासून भरतीचा क्रम उलटला. पूर्वी आधी मैदान असायचं आणि मग लेखी. आता ऑनलाइन परीक्षा पहिली. पोरगं महिनोन्‌महिने अभ्यासिकेत बसून राहतं, निकाल लागतो आणि नागपूरच्या सैन्य भरती कार्यालयाचं बोलावणं येईपर्यंत हाती मोजके आठवडे उरतात. बसून चढलेलं वजन तेवढ्यात उतरवायचं म्हटलं की मग मित्राचा सल्ला आणि मेडिकल दुकानातली गोळी.

त्या गोळीनं चरबी जात नाही, पाणी जातं. त्यासोबत पोटॅशियमही जातं, पायात गोळे येतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा अंगानं 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढायचे (पूर्ण 60 गुण त्यालाच आहेत), मग बीमला लटकून 10 पुलअप मारायचे, नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा. काट्यावर दोन किलो वाचवायला जाल आणि दुसऱ्याच फेरीत बसाल.

शिवाय वजनाला वेगळे गुण नसतात. ते मेडिकलला उंची आणि वय यांच्या प्रमाणात पाहतात, म्हणून रूममेटचा आकडा तुमचा आकडा नव्हे. मेडिकलला अनफिट ठरलेल्याला लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागता येते. एका काट्यावर सगळं संपत नाही.

उन्हात, दमलेल्या अंगानं धावताना काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. जून 2014 मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यानंतर उमेदवार दगावले. 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या दहा किलोमीटर धावण्यात दहाहून अधिक जण गेले. ती धाव सैन्याच्या धावेपेक्षा कितीतरी लांब होती, हे खरं. पण पाणी तोडलेल्या शरीराला 1.6 किलोमीटरही जड जाऊ शकतात.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे, जी घरोघरी झाकून ठेवली जाते: सिकलसेल. विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि काही इतर समाजांत, तो मोठ्या प्रमाणात आढळतो. आजार नाही, फक्त वाहक आहे, असा मुलगा एरवी ठणठणीत असतो. पण शरीरातलं पाणी आटलेलं, ऊन तापलेलं आणि जीव तोडून धाव, हे तिन्ही एकत्र आलं की वाहकाचे स्नायू तुटून मूत्रपिंडावर येऊ शकतं. अमेरिकी सैन्यात 1980 च्या दशकापासून याचा अभ्यास होत आला आहे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. लग्न ठरवताना अडचण येईल म्हणून तपासणीचं कार्ड लपवणाऱ्या आईबाबांनो, धावणाऱ्या मुलाला तरी ते माहीत असू द्या.

वजन उतरवायचंच असेल तर आठवड्याला अर्धा किलो धरा. चार किलोला दोन महिने लागतात. म्हणून फॉर्म भरला त्याच दिवशी उंची-वजन मोजा, निकालाची वाट पाहू नका. वाढवायचं असेल तरी हजारोंचा पावडरचा डबा लागत नाही. भाकर, तुरीचं वरण, शेंगदाणे, चणे, अंडी एवढं दोन वेळा पोटभर मिळालं तरी बराच फरक पडतो. अर्थात कापूस विकून हप्ते फेडणाऱ्या घरात तेही रोज जमतंच असं नाही, हे अकॅडमीवाल्यांनी फी घेताना ध्यानात ठेवावं. मुलांना इंजेक्शनचा सल्ला देणारा प्रशिक्षक असेल तर त्याचं नाव पोलिसांना कळवा. आणि सरपंचांनी जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर दोन दिवे लावावेत, म्हणजे पोरं अंधारात ट्रकच्या रस्त्यावर धावणार नाहीत.

ज्याच्या ग्राउंडला तीन आठवडेही उरले नाहीत, त्यानं वजनाचा नाद आता सोडावा. झोप पुरी घ्या, पाणी नेहमीसारखं प्या, शेवटचे दोन दिवस धाव हलकी ठेवा. धावताना कुणी बरळू लागला, पाय लटपटले, किंवा नंतर लघवी चहासारखी काळसर झाली, तर त्याला उठवून पुन्हा पळवू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता आणि 108 ला फोन करा.