घेतलेली मेमरी परत करा

भोर-वेल्ह्यातल्या मुलामुलींनो, तुमच्यातले बरेच जण धांगवडीला, नसरापूरला नाहीतर पुण्याला शिकायला जाता. सी भाषेत प्रोग्राम लिहिता. कॉलेजातला प्रोग्राम मिनिटभर चालतो, उत्तर देतो आणि संपतो. मॅलॉकने घेतलेली मेमरी तुम्ही सोडली नाही तरी खपून जातं. प्रोग्राम संपला की ऑपरेटिंग सिस्टीम ती काढून घेते.

नेटवर्कवरचा प्रोग्राम मात्र संपत नाही. विहिरीवरची मोटार मोबाइलवरून चालू-बंद करणाऱ्या पेटीतला प्रोग्राम महिनोन्‌महिने चालतो. तिथे ही सवय नडते.

लग्नाला गावकीची भांडी आणतो, तसा हा व्यवहार आहे. मोजून आणायची, मोजून परत द्यायची. परत दिलेल्या पातेल्यात पुन्हा भात लावायचा नाही. एकच पातेलं दोनदा जमाही करायचं नाही. सीमध्ये या दोन्ही चुकांनी चालता प्रोग्राम कोसळू शकतो, कधी चोराला वाटही मिळते.

आता हिशेब करा. दर 10 सेकंदांना फक्त 4 केबी मेमरी अडकली, तर दिवसाला 8,640 वेळा अडकते. म्हणजे सुमारे 34 एमबी. 64 एमबीची पेटी दोन दिवसही तग धरणार नाही. मग मोटार चालू होईना म्हणून कोणालातरी रात्री शिवारात जावं लागतं.

चूक बहुतेक वेळा एकाच जागी होते. सगळं सुरळीत झालं तर शेवटी फ्री लिहिलेलं असतं. पण जोडणी मध्येच तुटली की प्रोग्राम तिथूनच रिटर्न होतो आणि फ्री राहून जातं. आपल्या डोंगरदऱ्यांत रेंज सारखी जाते. म्हणजे तुमचा प्रोग्राम त्याच वाटेने वारंवार जाणार.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. 22 ऑक्टोबर 2012 रोजी अमेरिकेत अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये एक सर्व्हर बदलला. नवा पत्ता सगळ्या यंत्रांपर्यंत पोचला नाही. काही यंत्रं जुन्याच पत्त्यावर प्रयत्न करत राहिली आणि त्यात त्यांची मेमरी हळूहळू संपत गेली. रेडिटसारख्या साइट त्या दिवशी अडखळल्या.

म्हणून मॅलॉक लिहिलं की त्याचं फ्री कुठे होणार, हे लगेच ठरवा. फंक्शनमधून बाहेर पडायची वाट एकच ठेवा. काही बिघडलं तरी तिथेच या आणि घेतलेलं सगळं तिथे सोडा. फ्री केल्यावर पॉइंटर नल करा.

गेटअ‍ॅड्रइन्फोने पत्त्यांची यादी दिली, तर ती फ्रीअ‍ॅड्रइन्फोनेच सोडायची, साध्या फ्रीने नाही. यादीवरून फिरायला दुसरा पॉइंटर घ्या. पहिला हलवलात तर यादीचं टोकच हरवेल, मग सोडणार काय?

रीअ‍ॅलॉकचं उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्या. ते नल आलं तरी जुनी जागा तुमच्या हातात राहते. सॉकेटही बंद करा, त्यांनाही मर्यादा असते.

आणि मेमरीच्या चुका शोधणारं वॅलग्रिंड वापरा, ते फुकट आहे. नुसतं सुरळीत चालवून पाहू नका. प्रोग्राम चालू असताना नेटची वायर काढा, पुन्हा लावा, असं बऱ्याचदा करा. मग कोणत्या ओळीतली मेमरी परत आली नाही, ते वॅलग्रिंड सांगेल. पेटी कोणाच्या शेतावर बसवण्याआधी एवढं नक्की करा.