आधी वाट, मग वसाहत

शहर वाढते, हा कोणाचाच दोष नव्हे. ते कोणत्या क्रमाने वाढू द्यावयाचे, हा मात्र शासकांच्या विवेकाचा प्रश्न आहे. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली. पुढे त्यांतील दोन वगळण्यात आली. या गावांतून कित्येक ठिकाणी मनोरे आधी उभे राहिले, रस्त्याचा विचार मागाहून झाला, आणि टँकरची वाट पाहणे रहिवाशांच्या नशिबी आले.

अशा वेळी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या विचारांचे स्मरण आम्हांस अगत्याचे वाटते. १९६४-६५ च्या सुमारास प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी खाडीपलीकडे नव्या मुंबईची कल्पना मांडली. जमीन सार्वजनिक ताब्यात घ्यावी, तिच्या वाढत्या मोलातून सोयी उभाराव्यात, आणि घर, रोजगार व वाहतूक यांची सांगड आरंभीच घालावी, हे तिचे सूत्र होते. १९७० साली सिडको स्थापन झाली. परंतु मंत्रालय दक्षिण मुंबईतच राहिले, आणि लोकल गाडी वाशीस पोहोचावयास १९९२ साल उजाडले. कल्पनेत खोट नव्हती. तिचा क्रम पाळला गेला नाही.

माणसे वाढली म्हणजे मनोरे अटळच, असे सांगण्यात येते. त्यास कोरियांनी बेलापूरच्या वसाहतीत १९८० नंतरच्या दशकात उत्तर दिले. बैठी व दुमजली घरे. सात घरांस एक चौक. अशा तीन चौकांमध्ये एक मोठे अंगण. कुटुंबाबरोबर घरही वाढावे, म्हणून भिंती सामाईक ठेवल्या नाहीत. पुणेकरांस हे परके वाटू नये. वाड्याचा चौक याहून निराळा काय होता? वाड्यांतील गैरसोयींवर पांघरूण घालण्याचा आमचा हेतू नाही. पण गणेशखिंडीतील आयुकाच्या वास्तूत कोरियांनी तोच मोकळा चौक आधुनिक विज्ञानसंस्थेस शोभेल असा घडविला, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

मनोऱ्यांना आमचा सरसकट विरोध नाही. पाणी, मलनिःसारण व सार्वजनिक वाहतूक यांची हमी मिळाल्याखेरीज मोठ्या गृहप्रकल्पांस परवानगी देऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे. त्यामुळे घरे महागतील, अशी भीती कोणी घालील. परंतु टँकरचे पाणी आणि रोजच्या प्रवासात जाणारे तास हीही घराची किंमतच होय. ती करारनाम्यात लिहिलेली नसते, म्हणून ती भरावी लागत नाही असे नाही. महापालिकेने हा हिशेब परवानगीपूर्वीच मांडावा.