धार राखणाऱ्यांची दाढी

दाढी ही उरकून टाकायची गोष्ट आहे, असं ज्यांचं ठाम मत आहे त्यांनी वस्तऱ्याच्या वाटेला जाऊ नये. वस्तऱ्याला घाई खपत नाही. खुंट गरम पाण्यानं मऊ झालेले हवेत, फेस दाट हवा, मोकळ्या हातानं कातडी ताणून धरायला हवी आणि पातं गालाशी साधारण 30 अंशांत टेकवून हलकेच खाली आणायला हवं. जोर लावला की रक्त आलंच. पण एकदा हात बसला, की कानाजवळ जी बारीक करकर ऐकू येते आणि मागे जो गुळगुळीत गाल उरतो, त्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे वस्तरे शोधत फिरणारी माणसं जगभर आहेत. त्यांना कोणी खुशाल विक्षिप्त म्हणावं. त्यांची दाढी मात्र छान होते.

वस्तऱ्याची खरी गोडी धार राखण्यात आहे. पात्याची पाठ जाड आणि धार पातळ असते. धारेच्या दगडावर पातं आडवं टाकलं की पाठ आणि धार एकाच वेळी टेकतात आणि कोन आपोआप साधतो. सुरीला धार लावताना जो कोन मनगटाला शोधावा लागतो, तो इथे कारागिरानं पात्याच्या घडणीतच बसवून ठेवलेला असतो. दगडाची गरज अधूनमधून पडते. रोजचं काम चामड्याच्या पट्ट्याचं. दगडावर धार पुढे चालते. पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे. याच्या उलट केलं तर पट्टाच कापला जातो. नवशिक्यांचे पट्टे ओळखू येतात ते त्यावरच्या चिरांवरून.

केस पोलादाहून जवळपास 50 पट मऊ असतो. मग धार जाते कशी? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात याचं उत्तर मांडलं. त्यांनी साध्या फेकाऊ रेझरची पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पोलादाची रचना जिथे एकसारखी नसते, तिथे वाकलेला केससुद्धा धारेचा कण उडवतो. म्हणजे पोलाद किती एकजीव आहे, यावर बरंच काही ठरतं. इथेच इंग्लंडमधल्या शेफिल्डचं नाव येतं. 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीनं मुशीत पोलाद वितळवून ते एकजीव करण्याची रीत तिथे बसवली आणि पुढचं शतकभर शेफिल्डच्या वस्तऱ्याला तोड राहिली नाही.

या गोष्टीत मुंबईचाही एक धागा आहे. 1794 मध्ये मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी ‘वूट्झ’ या भारतीय पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. लंडनचे हत्यारकार जेम्स स्टोडार्ट त्या पोलादावर इतके खूश झाले, की पुढे त्यांनी तरुण मायकेल फॅरडेला सोबत घेऊन पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळण्याचे प्रयोग केले. त्यांचा निबंध 1820 मध्ये छापून आला. विजेमुळे नाव झालेला हा फॅरडे त्या काळात आपल्या पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट देत असे. पुढे शेफिल्डच्या पात्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ हा शिक्का मिरवू लागला.

मग जर्मन आले. झोलिंगेनच्या कारागिरांनी पात्याच्या दोन्ही बाजू खोल घासून त्याला पोकळ, हलकं रूप दिलं. जुनं शेफिल्डचं पातं पाचरीसारखं भरीव. झोलिंगेनचं इतकं पातळ, की खुंटावरून जाताना गुणगुणतं. जर्मन माल शेफिल्डचं नाव लावून विकला जातो, अशी इंग्रज कारखानदारांची ओरड होती. 1887 मध्ये ब्रिटननं परदेशी मालावर मूळ देशाचं नाव टाकायला लावणारा कायदा केला. ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का मुळात हिणवण्यासाठी होता. पुढे तोच भरवशाची खूण ठरला आणि 1938 मध्ये जर्मनीला खुद्द झोलिंगेनचं नाव राखण्यासाठी कायदा करावा लागला.

वस्तऱ्याच्या भरभराटीच्या काळात श्रीमंतांकडे सात वस्तऱ्यांची पेटी असे. प्रत्येक पात्याच्या पाठीवर एकेका वाराचं नाव. धारेलाही विश्रांती लागते, अशी समजूत होती.

हे सारं ओसरलं ते अमेरिकेतल्या किंग जिलेट यांच्या बदलत्या पात्याच्या रेझरमुळे. 1903 मध्ये त्यांच्या कंपनीचे अवघे 51 रेझर आणि 168 पाती खपली. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा 90 हजारांवर गेला. धार लावण्याची कटकट संपली, गळा कापण्याची भीती गेली, हे खरंच. मात्र धार ही सांभाळायची नसून फेकायची वस्तू झाली. आज प्लॅस्टिकच्या मुठीत चार-पाच पाती बसवलेला रेझर महाग पडतो, लवकर बोथट होतो आणि कचऱ्यात जातो. त्यापेक्षा एक जुना वस्तरा, एक पट्टा आणि एक दगड हा व्यवहार कधीही शहाणपणाचा.

ही हौस घरातच ठेवावी, हेही तितकंच खरं. सलूनमध्ये दर गिऱ्हाईकाला नवं अर्धं ब्लेड लावलं जातं, ते रक्तातून पसरणाऱ्या रोगांमुळे, आणि तिथे जुन्या वस्तऱ्याचा हट्ट धरणं चूक आहे. एक वस्तरा, एक चेहरा.

विकत घेताना मुठीजवळचा शिक्का वाचावा. 1891 पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, त्यामुळे ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ लिहिलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा. धारेला बारीकशी जरी चीर असली तरी तो सोडून द्यावा. सेल्युलॉइडची मूठ कुजली की तिच्या वाफेनं पातं गंजतं, शेजारचे वस्तरेही बाधतात. हस्तिदंती मुठीच्या मोहात पडू नये. आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे. आणि सुरुवातीचे काही दिवस फक्त गालांवर वस्तरा चालवावा, हनुवटी आणि मिशीची जागा साध्या रेझरवर सोपवावी. तुरटीचा खडा बेसिनजवळच ठेवा, पहिल्या महिन्यात तो लागणारच.