सागवानाची एफडी, उरवडे शाखा

दर वीकेंडला कोणी ना कोणी कलीग ‘मुळशीला प्लॉट बघायला’ निघतो. परवा एकासोबत मीही उरवड्याला गेलो. डोंगराचा उतार जेसीबीने खरवडलेला, आणि साइटवरच्या पोराने पहिल्याच वाक्यात हुकमाचं पान टाकलं, "सर, प्रत्येक प्लॉटमध्ये शंभर साग फ्री. पंधरा वर्षांत करोडपती!" मित्राने लगेच मोबाइलवर एक्सेल उघडलं.

अरे बाबांनो, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढता, मग हा कसा दिसत नाही?

साग म्हणजे टेक्टोना. या प्रजातीत जगभरात तीनच जाती आणि गंमत म्हणजे कूळ तुळस-पुदिन्याचं! (आधी तो व्हर्बिनेसी कुळात होता, १९९० च्या दशकात तुळशीच्या घरात आला.) पण म्हणून तो तुळशीच्या वेगाने वाढत नाही. किंमत असते ती आतल्या गाभ्याला, कारण वाळवीला नकोशी द्रव्यं तिथे असतात. कोवळ्या खोडात गाभा थोडा, बाहेरचं पांढरं लाकूडच जास्त, आणि ते वाळवी आवडीने खाते. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग गेला. तो भाव पंधरा वर्षांच्या काठीला लावणं म्हणजे फ्रेशरला आर्किटेक्टचं पॅकेज.

बरं, तोडणार कसा? १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग आहे. स्वतःच्या जमिनीतला असला तरी परवानगी लागते. आणि सातबारा शेतीचा असेल तर शेतकरी नसलेल्याला ती जमीन परवानगीशिवाय घेताच येत नाही. ब्रोशरमध्ये हे कुठेय?

ही स्कीम नवीनही नाही हो. सागाच्या नावावर पैसे गोळा करणारी चेन्नईची अनुभव प्लँटेशन्स १९९८ मध्ये बुडाली. १९९९ मध्ये सेबीने अशा सामूहिक योजनांसाठी नियम आणले. तेव्हा आपल्यातले बरेच जण शाळेतही नव्हते, म्हणून तीच गोळी पुन्हा विकता येते.

पण मला खरी चीड येते ती ‘ग्रीन लिव्हिंग’ या शब्दांची. करवंदीच्या जाळ्या आणि निर्गुडी उपटून ओळीत साग लावायचे आणि त्याला जंगल म्हणायचं! सागाच्या रुंद पानांवर पावसाचं पाणी साठून मोठमोठे थेंब पडतात. खाली गवत-झुडूप नसेल तर ते माती उडवतात. मुळशीचा पाऊस आणि हा उतार, माती किती दिवस टिकणार?

प्लॉट घ्यायचाच असेल तर कागद तपासून घ्या आणि आहे ती झाडी राहू द्या. साग लावलात तर दोनच लावा. कोवळं पान चुरडलं की हात लाल होतो, पोरांना मजा येते. फक्त एक्सेलमध्ये त्याची रो नको.