यंत्र घरात आले, पण त्याची खात्री कोण देणार?

छोट्या विमानाचा वैमानिक हातात मावणारे जीपीएस यंत्र सोबत ठेवतो. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की ते यंत्र विमानाची जागा सांगते. तरीही केवळ त्याच्या भरवशावर उडू नये, असे त्याला पहिल्यापासून शिकवले जाते. होकायंत्र, नकाशा आणि खाली दिसणारी नदी-डोंगराची खूण यांच्याशी तो आकडा ताडून पाहायचा असतो. कारण यंत्र बंद पडले तर निदान कळते. चुकीचा आकडा दाखवत राहिले तर मात्र कळत नाही.

ही शिस्त आता आजरा तालुक्यातल्या घराघरांतही हवी आहे. मधुमेहाच्या रुग्णांकडे ग्लुकोमीटर आले, रक्तदाब मोजायचे मशीन आले, कोरोनानंतर ऑक्सिमीटरही आले. ही चांगलीच गोष्ट आहे. पण ग्लुकोमीटरच्या आकड्यावर इन्सुलिनचे प्रमाण ठरते. आकडा खोटा वाढलेला असेल, तर जादा इन्सुलिन घेतले जाते आणि साखर घसरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो.

चुकीची कारणे बहुतेक वेळा साधी असतात. आजऱ्याचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवरचे रसायन दमट हवेने खराब होते, म्हणून डबीचे झाकण उघडे राहता कामा नये आणि पट्ट्या दुसऱ्या डबीत भरू नयेत. बोटाला आंब्याचा रस किंवा गूळ लागलेला असेल, तर साखर वाढलेली दिसते. साबणाने हात धुऊन, पूर्ण कोरडे करूनच तपासावे. रक्तदाबाचा पट्टा दंडाला लहान पडला, तर दाब जास्त येतो. थंड बोट, नेलपॉलिश, मेंदी यांमुळे ऑक्सिमीटर फसतो.

पण सगळा दोष वापरणाऱ्याचा नाही. मशीन विकले जाते गावात आणि त्याची दुरुस्ती असते शहरात. वॉरंटी कार्डावरचा दूरध्वनी लागला तरी ‘मशीन कुरिअरने पाठवा’ असे उत्तर येते. ते परत येईपर्यंत रुग्णाने काय करायचे, हे कोणी सांगत नाही. मशीनची अचूकता पडताळण्याचे द्रावण गावच्या औषध दुकानात सहसा मिळत नाही. 2021 मध्ये केंद्र सरकारने ग्लुकोमीटर, रक्तदाबमापक, ऑक्सिमीटर, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर यांच्यावरील व्यापारी नफ्याला मर्यादा घातली. किंमत आवाक्यात आली, सेवा मात्र आली नाही.

किराणा दुकानातल्या तराजूची ठरावीक मुदतीने तपासणी होते आणि त्यावर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो. घरातल्या ग्लुकोमीटरला अशी नियमित तपासणी नाही. तांदळाच्या वजनाला जी काळजी, ती इन्सुलिनच्या मापाला का नसावी? ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक दिवस घरची यंत्रे पडताळून देण्याची सोय करता येईल. त्यासाठी इमारत नको, मोठा निधी नको. प्रयोगशाळा आणि तंत्रज्ञ तिथे आहेतच. कंपन्यांनीही तालुक्याच्या ठिकाणी बदली मशीन ठेवले पाहिजे.

तोपर्यंत घरच्यांनी एवढे करावे. प्रयोगशाळेत उपाशीपोटी रक्त देताना आपले मशीन सोबत न्यावे आणि त्याच वेळी बोटाचे रक्तही तपासावे. प्रयोगशाळेत 200 आले, तर मशीनवर 170 ते 230 चालते. त्यापलीकडे फरक वारंवार येत असेल, तर मशीन बदलून मागावे. पक्के बिल हवेच. दाद लागली नाही, तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनी मुंबईची असली, तरी आजऱ्याच्या ग्राहकाला कोल्हापुरात दाद मागता येते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आकडा आणि शरीर यांचे जुळत नसेल, तर शरीराचे ऐकावे. घाम फुटून थरथर होत असेल आणि मशीन साखर ठीक दाखवत असेल, तरी वाट न पाहता साखरपाणी द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता 108 ला फोन करावा. आकडा पुन्हा तपासता येतो, गेलेला वेळ परत आणता येत नाही.